कॅम्पसाइटवरची झाडं आणि त्यांच्या नावामागची माणसं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं शब्दांकन. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त "अं…" आणि "म्हणजे काय की" जरा कमी केलेत.

पावसाळा संपला की कोकणात तंबू ठोकायला जाणाऱ्यांचे फोटो सुरू होतात. खाली समुद्र, मध्ये सुरूचं बन, मागे डोंगराची झाडी. आणि मग मेसेज येतात: "अरे, हे झाड कुठलं?" फोन पुढे केला की ॲप एक लॅटिन नाव सांगतं. ते बरोबर असतं किंवा नसतं, पण बहुतेकांचा विषय तिथे संपतो. माझा तिथे सुरू होतो. मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे एखाद्या गोष्टीला नाव कुणी दिलं, का दिलं आणि ते पुढे कुणी बदललं, हे पाहायची सवय लागली आहे. झाडांच्या नावांचीही अशी एक हिस्टरी आहे, आणि तिचा मोठा भाग आपल्याच किनाऱ्यावर घडलाय. गोवा, कोची, मुंबई, पुणे.

तर आज असं करू. पाण्याच्या रेषेपासून सुरुवात करायची आणि जंगलाकडे चालत जायचं. वाटेत जे झाड भेटेल ते ओळखायचं, आणि त्याच्यामागची माणसंही.

वाळूवर पहिली भेटते ती मर्यादवेल. पान बघा, मधोमध दुभंगलेलं, आपट्याच्या पानासारखं. युरोपातल्या लोकांना ते बकरीच्या खुरासारखं दिसलं, म्हणून शास्त्रीय नाव आयपोमिया पेस-काप्री, म्हणजे शब्दशः 'बकरीचा पाय'. फूल जांभळट गुलाबी, कर्ण्यासारखं, सकाळी ताजं दिसतं. वेल वाळूवर लांबच लांब पसरते आणि वाळू धरून ठेवते. आपल्याकडचं नाव मला जास्त आवडतं. समुद्राची मर्यादा दाखवणारी ती मर्यादवेल. तंबू कुठे लावायचा याचा हा जुना नियम समजा: वेलीच्या अलीकडे, म्हणजे जमिनीच्या बाजूला. पलीकडे लावलात तर भरतीला तक्रार करू नका.

वेलीच्या मागे सुरू. सगळ्यांना वाटतं हे पाइनसारखं काहीतरी आहे. नाही. ज्याला आपण सुई म्हणतो ते पान नव्हे, ती बारीक हिरवी डहाळी आहे. दोन बोटांत धरून ओढा, ती सांध्यावर सुटते. त्या सांध्याभोवती बारीक दातांसारखे खवले दिसतील, ती खरी पानं. कॅशुअरिना हे नाव कॅसोवरी पक्ष्याच्या पिसांवरून आलंय, कारण लोंबणाऱ्या डहाळ्या तशा दिसतात. आणि हे झाड मुळात कोकणचं नाही. आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांवरून आलेलं, वारा अडवायला आणि जळणासाठी मुद्दाम लावलेलं. ज्याला आपण फोटोखाली "कोकणचं जंगल" लिहितो, त्यातली पहिली रांग बहुतेक वेळा माणसाने लावलेली असते. सुरूखाली डहाळ्यांचा इतका जाड थर पडतो की खाली दुसरं फारसं काही उगवत नाही. तंबूला गादी मिळते, पण ती गादी कोरडी असली की झटकन पेटते, तेव्हा चूल तिथे नको.

आता किनाऱ्याची खरी जुनी मंडळी: उंडी आणि करंज. उंडीचं पान जाड, चकचकीत. ते उजेडासमोर धरा. मधल्या शिरेपासून काठाकडे निघालेल्या शिरा इतक्या जवळजवळ आणि समांतर असतात की पानावर कुणीतरी पट्टीने रेघा मारल्यासारखं वाटतं. कॅलोफायलम म्हणजे 'सुंदर पान', आणि इथे नाव देणाऱ्याशी माझं भांडण नाही. फूल पांढरं, मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा झुबका. फळ गोल, गोटीएवढं किंवा थोडं मोठं. बियांचं तेल कडू, खायचं नाही, पण दिव्याला आणि होडीच्या लाकडाला चालतं. करंजाचं पान संयुक्त, म्हणजे एका देठावर पाच-सात पानं. शेंग चपटी, चिंचोक्यापेक्षा मोठी, आत बहुतेक वेळा एकच बी. त्याचं शास्त्रीय नाव पोंगामिया हे मल्याळम-तमिळमधल्या 'पोंगम'वरून आलंय. हे लक्षात ठेवा, पोंगमची गोष्ट पुढे येणार आहे.

आणखी वर चढलं की काजू. इथे मी जरा थांबणार आहे.

काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला. 'काजू' हा शब्दसुद्धा तिथल्या तुपी भाषेतला 'अकाजू', पोर्तुगीजमध्ये 'काजू' झालेला आणि तसाच आपल्याकडे आलेला. झाड ओळखायला सोपं: पान गोलसर, टोकाला बोथट, चोळलं की राळेसारखा वास. आणि फळाची उलटी गंमत. रसाळ लाल-पिवळं बोंड म्हणजे खरं फळ नव्हे, ते फुगलेलं देठ. खाली लोंबणारी बी हेच फळ.

आता याच डोंगरावर, जरा आत, बिब्बा शोधा. मोठं थोरलं पान, वरून हिरवं, खालून फिकट राखाडी. आणि फळ? खाली काळी कडक बी, वर नारिंगी मांसल देठ. काजूची लहान आवृत्तीच. दोघं एकाच कुळातले, आंब्याचे भाऊबंद. दोघांच्याही टरफलात असं तेल असतं की कातडीवर लागलं तर फोड येतात. "बिब्बा उतला" हे ज्यांनी घरात ऐकलंय त्यांना वेगळं सांगायला नको. कच्ची काजू-बी दगडाने फोडून बघायची हौस कॅम्पवर हमखास कुणाला तरी येते. त्याला आवरा.

युरोपातल्या जुन्या औषधांच्या पुस्तकांत 'अनाकार्डियम' म्हणजे बिब्बा. बी हृदयाच्या आकाराची, म्हणून हे नाव. शेकडो वर्षं हे नाव बिब्ब्याचंच होतं. मग काजू आला, दिसायला तसाच, आणि लिनियसने वनस्पतींना पद्धतशीर नावं देताना अनाकार्डियम हे नाव काजूच्या प्रजातीला दिलं. बिब्ब्याला नंतर दुसरं नाव मिळालं: सेमेकार्पस अनाकार्डियम. सेमेकार्पस म्हणजे खुणा करायचं फळ, कारण धोबी बिब्ब्याच्या रसाने कपड्यांवर खुणा करायचे. आमच्या भाषेत याला नेमस्पेस कोलिजन म्हणतात. नवीन आलेल्याने जुन्याचं युजरनेम घेतलं आणि जुन्याला मागे एक शब्द जोडून परत साइन-अप करावं लागलं.

बिब्ब्याला अनाकार्डियम म्हणणाऱ्या काळातलं एक पुस्तक आपल्या किनाऱ्यावर छापलं गेलं. १५६३, गोवा. लेखक गार्सिया द ओर्ता.

ओर्ता पोर्तुगालमधल्या कास्तेलो द व्हिदे गावचा. घरचे ज्यू, जबरदस्तीने ख्रिश्चन केले गेलेले. १५३४ मध्ये तो गोव्यात आला आणि पुन्हा परत गेला नाही. वैद्यकी करायचा. त्याच्या रोग्यांमध्ये अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशाह होता, आणि तिथल्या हकिमांकडून तो शिकलाही. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. हो, आपलीच मुंबई. पुस्तकात एके ठिकाणी मुंबईहून त्याच्या कुळाने आणलेली आंब्यांची करंडी येते.

पुस्तकाचं नाव 'कोलोकियोस', म्हणजे संवाद. गंमत अशी की पुस्तकच पॉडकास्टसारखं आहे. एक पाहुणा, डॉक्टर रुआनो, युरोपातून ताजा आलेला, डोक्यात ग्रीक-रोमन ग्रंथ. दुसरा ओर्ता स्वतः. रुआनो म्हणतो ग्रंथात असं लिहिलंय, ओर्ता म्हणतो इथे ये आणि बघ. रुआनो काल्पनिक, ओर्ताच्याच डोक्यातला जुना विद्यार्थी म्हणा. धोत्र्यावरच्या प्रकरणाची सुरुवात तर एका गुन्ह्याने होते: घरातल्या बाईला धोत्रा खाऊ घालून कुणीतरी चोरी केलीय. (धोत्रा कॅम्पवरही सापडतो. मोठं कर्ण्यासारखं फूल, काटेरी गोल फळ. हुंगायला हरकत नाही, तोंडात अजिबात नको. 'दातुरा' हे शास्त्रीय नाव आपल्याच धत्तूर-धोत्र्याचं.)

या पुस्तकात एक मुलगी आहे, आंतोनिया. ओर्ताच्या घरातली मोलकरीण. ओर्ता हाक मारतो, ती जाते, झाडाची फांदी नाहीतर फळ घेऊन येते, आणि मग दोन विद्वान त्यावर बोलतात. मालुपा नावाचा एक हिंदू वैद्यही येऊन जातो. म्हणजे ग्रंथाचं अर्धं काम या लोकांच्या पायांवर आणि माहितीवर चाललंय, आणि ओर्ताने निदान त्यांना नावाने आत घेतलंय. त्या काळात हेही थोडं नव्हे.

चारच वर्षांनी, १५६७ मध्ये, क्लुसियस नावाच्या विद्वानाने पुस्तकाचा लॅटिनमध्ये संक्षेप केला. युरोपभर ओर्ता पोचला तो या संक्षेपातून. पण क्लुसियसने संवाद काढून टाकले आणि नुसती माहिती ठेवली. संवाद गेला म्हणजे हाक गेली, आणि हाकेला ओ देणारी आंतोनियाही गेली. आजचं ॲप जे करतं तेच. झाड, गुणधर्म, वापर. कुणी सांगितलं, ही रकाना रिकामा.

ओर्ताचं पुढे काय झालं तेही सांगतो, कारण हे मला सगळ्यात जास्त लागलं. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन सुरू झालं. ओर्ता १५६८ मध्ये वारला, तो घरी, खाटेवर. दुसऱ्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याबद्दल जिवंत जाळण्यात आलं. आणि १५८० मध्ये ओर्ताची हाडं थडग्यातून उकरून काढून जाळली. मेलेल्या माणसाला शिक्षा. आज पणजीत त्याच्या नावाची बाग आहे, चर्च चौकाजवळ. संध्याकाळी लोक तिथे बाकांवर बसून फोन बघत असतात, आणि मला वाटतं त्याला ते चाललं असतं.

आता काजूसाठी एक टीप. ओर्ताच्या पुस्तकात काजू नाही. १५७८ मध्ये क्रिस्तोव्हाँव द कोस्ताने स्पेनमध्ये छापलेल्या पुस्तकात आहे, कोचीच्या बागांत पाहिलेला. म्हणून १५६३ मध्ये काजू इथे नव्हताच असं म्हणायचं नाही हं. एखादी गोष्ट लॉगमध्ये नाही म्हणजे ती घडलीच नाही, असं नसतं. पण कोकणची ओळख म्हणून आपण जे झाड मिरवतो ते इथे पोर्तुगीजांच्या आधीचं नाही, एवढं नक्की.

मल्याळममध्ये काजूचं एक जुनं नाव होतं: कप्पमाव. कप्पल म्हणजे जहाज, माव म्हणजे आंबा. जहाजातून आलेला आंबा! एका शब्दात झाडाचं कूळही आलं आणि प्रवासही. हे नाव आपल्याला मिळतं ते दुसऱ्या एका पुस्तकात, आणि आता त्याकडे येतो.

हॉर्टस मलबारिकस. मलबारची बाग. बारा खंड, ॲम्स्टरडॅममध्ये १६७८ ते १६९३ दरम्यान छापलेले. ७४२ वनस्पती, सातशेहून जास्त तांब्यावर कोरलेली चित्रं. करवून घेणारा हेन्रिक व्हान ऱ्हेडे, कोचीतला डच कमांडर. हा काही वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हता. त्याचं म्हणणं साधं होतं: आपण युरोपातून औषधं मागवतो, ती इथे पोचेपर्यंत खराब होतात, आणि त्यातली कितीतरी मुळात याच देशातून तिकडे गेलेली असतात. मग इथल्यांनाच विचारू ना! यात थोडं राजकारणही होतं. कंपनीचं मुख्य ठाणं कोलंबो असावं की कोची, यावरून वरिष्ठांशी त्याचं वाजलेलं होतं, आणि मलबार किती मोलाचा आहे हे त्याला दाखवायचं होतं.

विचारलं कुणाला? एक इट्टी अच्युतन, इळव समाजातला वैद्य, घरात पिढ्यान्पिढ्या ताडपत्रांवर औषधांच्या नोंदी. आणि तीन कोकणी ब्राह्मण: रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट. कोकणी माणसं कोचीत काय करत होती? त्यांच्या समाजातली कितीतरी कुटुंबं पोर्तुगीजांच्या छळामुळे गोवा सोडून दक्षिणेला गेली होती. ज्या राजवटीने ओर्ताची हाडं जाळली, तिच्यापासून पळालेल्यांच्या वंशजांनी पुढच्या शतकात दुसऱ्या युरोपीय कंपनीला झाडं ओळखून दिली. इतिहासाची पटकथा मी लिहिली असती तर हे "फारच जुळवून आणलंय" म्हणून खोडलं असतं.

काम कसं चालायचं? वैद्य नावं सांगणार. माणसं जंगलात पाठवली जाणार, ती फांदी, फूल, फळ घेऊन येणार. चित्रकार ताज्या फांदीवरून चित्र काढणार. वैद्य आपापसांत चर्चा करणार, कधी वादही. मग मजकूर मल्याळममधून पोर्तुगीजमध्ये, पोर्तुगीजमधून डचमध्ये, डचमधून लॅटिनमध्ये. एवढ्या पाइपलाइनमधून जाऊनही माहिती इतकी पक्की राहिली की लिनियसने १७५३ मध्ये नावं देताना या चित्रांवर भरवसा ठेवला. इथल्या कित्येक झाडांची त्याने स्वतः फांदीही पाहिली नव्हती, पण ऱ्हेडेचं चित्र होतं. करंजाचा पोंगम शास्त्रीय नावात शिरला तो याच वाटेने.

आणि आता आपल्या लिपीचं. पहिल्या खंडात वैद्यांची प्रमाणपत्रं छापली आहेत: आम्ही सांगितलं ते खरं आहे, अशी. अच्युतनचं त्याच्या लिपीत. तीन कोकणी वैद्यांचं देवनागरीत, कोकणी भाषेत, १६७५च्या एप्रिलमधलं. खिळे जुळवून नाही, हस्ताक्षर जसंच्या तसं तांब्याच्या पत्र्यावर कोरून. चित्रांवरही झाडाची नावं रोमन, मल्याळम आणि अरबी अक्षरांबरोबर नागरीत आहेत. रायगडावर राज्याभिषेक होऊन वर्षही उलटलं नव्हतं तेव्हा कोचीत बसून कुणीतरी झाडांची नावं आपल्या अक्षरांत लिहीत होतं. छापील नागरीच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांपैकी हा एक, आणि विषय काय? कुठली पाला-पाचोळ्याची फांदी कशावर उपयोगी.

ऱ्हेडे पुन्हा कामगिरीवर असताना १६९१च्या डिसेंबरमध्ये जहाजावर वारला, कोचीहून सुरतेकडे जाताना, मुंबईच्या जवळपास. सुरतेत त्याची भलीमोठी कबर आहे. हे पुस्तक तीनशे वर्षं लॅटिनमध्ये अडकून पडलं होतं. ते इंग्रजीत आणलं प्राध्यापक के. एस. मणिलाल यांनी, उभं आयुष्य घालून. इंग्रजी आवृत्ती २००३ मध्ये केरळ विद्यापीठाने काढली, मग मल्याळम. सातशेच्या वर वनस्पती एकेक करून पुन्हा शोधणं म्हणजे काय, हे एका सुट्टीत पाच झाडं ओळखताना घाम फुटलेल्यांना विचारा.

चला, पुढे चालू. काजूच्या वर आता झुडपं लागतात, आणि इथे पाहुण्यांचीच गर्दी. घाणेरी: चौकोनी दांडा, त्यावर बारीक काटे, खरखरीत पान, एकाच झुबक्यात पिवळी-केशरी-गुलाबी फुलं. मूळची उष्ण अमेरिकेतली, एकोणिसाव्या शतकात शोभेचं झाड म्हणून बागांतून आली आणि बागेचं कुंपण ओलांडून सुटली. रानमोडी: पान साधारण त्रिकोणी, देठाजवळून तीन ठळक शिरा त्रिशूळासारख्या निघालेल्या, चोळलं की उग्र वास, हिवाळ्यात फिकट जांभळट-पांढऱ्या फुलांचे झुपके. हीपण अमेरिकेची. पण नाव बघा, रान मोडणारी ती रानमोडी. कुठल्याही रिपोर्टशिवाय लोकांनी इम्पॅक्ट असेसमेंट नावातच करून टाकलंय.

या दोघींच्या अंगावर चढलेली एखादी वेल दिसेल, एका देठाला तीन पानं, आणि हिवाळ्यात तपकिरी मखमली शेंगा. हात लावू नका! खाजकुयली. ते मखमल म्हणजे सुटी कुसं, वाऱ्यानेही उडतात. लागलीच तर चोळायचं नाही, चिकटपट्टी लावून उपटून काढायची आणि मग धुवायचं. दुसरी एक वेल चिंचेसारख्या बारीक पानांची, फुटलेल्या शेंगेत लाल बिया आणि त्यांवर काळा ठिपका. ती गुंज. सोनार तिने सोनं तोलायचे. दिसायला गोंडस, पण चावून फोडली तर जीवघेणी, म्हणून लहान मुलं बरोबर असतील तर ही एक ओळख विसरू नका.

आणि दैव बरं असेल, फेब्रुवारी-मार्चमध्ये गेला असाल, तर वेंगुर्ल्याच्या बाजूला कधीकधी आधी वासच येतो. फांदीला, अगदी जुन्या लाकडालाही, मोत्यासारख्या कळ्या लगडलेल्या. सुरंगी. पान लांबट, जाड, उंडीच्या नात्यातलं. सुकल्यावरही गजरा वास सोडत नाही. हिच्या शास्त्रीय नावात 'सुरिगा' आहे, म्हणजे इथल्या माणसाने सांगितलं आणि ऐकणाऱ्याने तसंच लिहून घेतलं.

लिहून घेणारे आता इंग्रज होते. १८३९ मध्ये मुंबईच्या वनस्पतींची पहिली मोठी यादी निघाली, जॉन ग्रॅहम यांची. हे गृहस्थ पोस्ट खात्यात अधिकारी! यादी छापून पुरी व्हायच्या आत खंडाळ्यात वारले, ती निम्मो नावाच्या मित्राने पुरी केली. मग डॉ. अलेक्झांडर गिब्सन, दापोडीच्या सरकारी बागेचा प्रमुख आणि १८४७ पासून मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक. कोकणातली झाडी तुटली की झरे आटतात, असं सरकारला बजावणाऱ्यांपैकी हा. १८६१ मध्ये डाल्झेल आणि गिब्सन यांची 'बॉम्बे फ्लोरा' आली. दापोडी म्हणजे आपली पुण्याची दापोडी, लोकलच्या स्टेशनवाली. रोज तिथून हिंजवडीकडे जाणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असेल की तिथे बोटॅनिकल गार्डन होतं? गिब्सनने तिथे एका भारतीय चित्रकाराकडून पावणेदोनशेच्या आसपास वनस्पतींची चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबरात जपून ठेवली आहेत, त्यांवर आख्खं पुस्तक निघालंय. चित्रकाराचं नाव मात्र नोंदलेलं नाही. पानाच्या प्रत्येक शिरेची नोंद आहे, हाताची नाही.

शेवटचा माणूस माझ्या खास आवडीचा. थिओडोर कुक, आयरिश, आणि पेशाने इंजिनिअर. आला रेल्वेसाठी, वसईच्या खाडीवरच्या लोखंडी पुलावर काम केलं. मग पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा प्राचार्य, १८६५ ते १८९३. होय, आजचं सीओईपी. झाडांचा नाद लागला तो लागलाच. निवृत्त होऊन क्यूच्या बागेत बसून त्याने 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे' लिहिली, १९०१ ते १९०८. महाराष्ट्रात रानफुलं ओळखणारा कुणीही आजसुद्धा कधी ना कधी या पुस्तकापाशी येतो. इंजिनिअरने साइड प्रोजेक्ट करावा तर असा.

पुस्तक वाचायला रुक्ष आहे. पान किती इंच, पाकळ्या किती, कुठे सापडलं. पण "कुठे सापडलं" या ओळीत थांबा. गावाच्या नावापुढे गोळा करणाऱ्याचं नाव असतं आणि त्यापुढे उद्गारचिन्ह. माझ्या धंद्यात उद्गारचिन्ह म्हणजे 'नाही'. वनस्पतिशास्त्रात नेमकं उलट: हा नमुना मी स्वतः डोळ्यांनी पाहिलाय. तर लॉ!, डाल्झेल!, वुड्रो! अशी साहेबांची रांग चाललेली असते आणि मध्येच येतं: कानिटकर! आणि: भिवा!

भिवा. आडनाव नाही, हुद्दा नाही. नुसता भिवा, पुढे उद्गारचिन्ह. घाटात, पावसात, जळवांत फिरून त्याने फांदी आणली, कुकने ती पाहिली, आणि नियमाप्रमाणे नाव छापलं. नियमच असा होता की गोळा करणाऱ्याचं नाव गाळता येत नव्हतं, त्यामुळे पोस्टमास्तर, वनाधिकारी आणि भिवा एकाच ओळीत, एकाच टायपात. जिथे अशी सक्ती नव्हती तिथे काय झालं ते दापोडीच्या चित्रकाराच्या बाबतीत पाहिलंच.

त्याच पुण्याच्या कॉलेजात वनस्पतींचे वाळवलेले नमुने सांभाळणारे एन. बी. रानडे होते. १८९४ मध्ये एका नव्या झाडाला त्यांचं नाव दिलं गेलं, अब्युटिलॉन रानडेई. मराठीत सोनघंटा. पिवळसर, तांबड्या शिरांचं, घंटेसारखं खाली वाकलेलं फूल, आंबा घाटाच्या बाजूला कड्यांवर. आता अतिशय दुर्मीळ आहे, तेव्हा दिसलं तर फोटो काढा, फांदी नको, आणि नेमकी जागा सोशल मीडियावर टाकू नका.

जाता जाता एक कामाची गोष्ट. ॲपवर झाड नोंदवताना खाली 'नोट्स' नावाची एक जागा असते, आपण ती कधीच भरत नाही. पुढच्या वेळी कॅम्पसाइटवर जेवण वाढणाऱ्या काकूंना किंवा वाट दाखवणाऱ्या दादांना विचारा, याला इथे काय म्हणता? जे सांगतील ते देवनागरीत तिथे लिहा, गावाचं नाव लिहा, आणि त्यांची हरकत नसेल तर सांगणाऱ्याचं नावही. उद्गारचिन्हासकट.

पुढच्या भागात खाडीत उतरायचंय, तिवरांच्या चिखलात. जुन्या चपला घालून या!